तिसऱ्या महिन्यातली मदत

सांगलीत पावसाळ्यात कुणाशीही बोलायला ओळख लागत नाही. रिक्षात बसा, दुधाच्या रांगेत उभं राहा, प्रश्न एकच : "आयर्विनला किती झालं?" उत्तर फुटांत येतं आणि त्याला चिकटून दुसरा प्रश्न : "कोयनेतनं किती सोडलंय?" ते उत्तर क्युसेकमध्ये. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४० फुटांना इशारा, ४५ला धोका, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही पाठ. कोल्हापूरकरांचं माप पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावरचं, ३९ आणि ४३. दोन्हीकडची पाव्हणेमंडळी फोनवर आपापले आकडे एकमेकांना ऐकवत असतात. त्यात काळजी असते तशी थोडी ईर्षाही असते, खोटं कशाला बोला.

चढत्या पाण्याचा हिशेब आम्ही इंचाइंचानं ठेवतो. पाणी उतरल्यानंतरच्या दिवसांचा कुणी ठेवत नाही. कुठल्या घरात चूल कधी पेटली, कुणाची म्हैस परत दुधावर आली, कुणाच्या पोरीचं कॉलेज सुटलं, याचा फलक कुठल्याच पुलावर नसतो. आणि माझं २०१९ पासूनचं मत असं आहे की पूरग्रस्तांना मदत द्यायची खरी वेळ तिथंच असते, साधारण तिसऱ्या महिन्यात, जेव्हा कुणीच येत नाही.

माझं आजोळ शिरोळ तालुक्यात, कृष्णेच्या काठावर. ज्या तालुक्यात नृसिंहवाडीला कृष्णा-पंचगंगेचं पाणी देवळात शिरलं की दक्षिणद्वार सोहळा म्हणून माणसं स्नानाला धावतात, तिथं पाणी बघून लगेच घाबरायची पद्धत नाही. पाणी येतं, नदीकाठच्या मळीच्या रानात गाळ टाकतं, जातं. त्या गाळावरच ऊस उभा आहे. २००५ला मात्र ते घरात आलं. मामानं त्या पुराची खूण सोप्याच्या भिंतीवर खिळ्यानं ओढून ठेवली होती आणि नंतर घराचा पुढचा भाग विटांत बांधला तेव्हा माळा त्या खुणेच्या वर हातभर घेतला. हिशेबी माणूस.

२०१९ साली ५ ऑगस्टला नागपंचमी होती. पाऊस जुलैच्या शेवटापासून लागून राहिलेला, धरणं भरलेली, राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडलेले. मामानं शाळूची पोती, गाद्या, शिलाई मशीन, कागदपत्रांची पेटी, सगळं माळ्यावर चढवलं. खुणेच्या वर. गावातल्या निम्म्या घरांनी हेच केलं, कारण सगळ्यांच्या डोक्यात २००५ होतं. सांगलीत आयर्विनपाशी २००५ला पाणी ५३ फुटांच्या वर गेलं होतं. २०१९ला ते ५७ फुटांच्या वर गेलं. गावागणिक फरक कमीजास्त असेल, पण लोकांचं जे गेलं ते बहुतेक ह्या वरच्या तीन-चार फुटांत गेलं, आणि गेलं ते जपून, विचार करून वर ठेवलेलं सामान.

माणसं वेळेवर का निघत नाहीत, असं शहरातले लोक विचारतात. टीव्हीवर तेव्हा सारखं हेच चाललं होतं. मामाचं उत्तर सोपं होतं : "आमी निघू की. म्हशी कुठं न्यायच्या सांगा." बोटीत म्हैस बसत नाही. शाळेच्या वर्गात भरलेल्या निवाऱ्यात तिला घेत नाहीत. आणि दावं सोडून तिला पाण्यात सोडून द्यायचं तर ज्या जनावराच्या दुधावर घर चालतं त्याच्याकडं पाठ कशी करायची? शेवटी एका साखर कारखान्यानं आपलं आवार खुलं केलं, माणसांसाठी आणि जनावरांसाठीही, तेव्हा गल्लीच्या गल्ल्या उठल्या. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पुढं म्हशी, मागं म्हाताऱ्या. ज्या छावणीत वैरणीची सोय, तिथं माणसं न सांगता जातात. एवढी साधी गोष्ट आपत्ती व्यवस्थापनाच्या आराखड्यात पहिल्या पानावर का नसते, मला कळलेलं नाही.

जे राहिले त्यांच्यासाठी वेळ फार थोडा होता. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला माणसं बाहेर काढणारी गावचीच बोट उलटली आणि १७ जीव गेले, त्यांत बायका आणि लहान मुलं जास्त. कृष्णा आणि येरळा जिथं मिळतात तिथलं हे गाव. नौदल, लष्कर, एनडीआरएफ सगळे पुढं आले, चार लाखांहून जास्त माणसं दोन्ही जिल्ह्यांत हलवली गेली, पण सुरुवातीच्या त्या दिवसांत ज्याच्या हाताशी जी बोट होती तीच होती. त्यावर मी जास्त लिहीत नाही.

पाणी उतरायला लागल्याची बातमी आली तसा मामा छावणीतून निघाला. दारात अजून गुडघाभर पाणी होतं. मी फोनवर ओरडले, साप असतात, विजेच्या तारा असतात, दोन दिवस थांबा. तर मामी म्हणाली, "थांबून कसं चालंल? ओसरत्या पाण्यासंगंच घर धुवावं लागतंय. गाळ एकदा वाळला की पहार लावली तरी निघत न्हाई." हे मला माहीत नव्हतं. पाणी घरात असतानाच ते ढवळायचं, खराट्यानं भिंती घासायच्या, म्हणजे उतरताना ते आपलं आणलेलं आपणच घेऊन जातं. ज्यांची घरं बंद राहिली, जे पाव्हण्यांकडं लांब गेले होते, त्यांच्या घरात वीतभर गाळ बसला आणि तो फावड्यानं कापून काढावा लागला.

रस्ता खुला झाल्यावर मी गेले तेव्हा गावाच्या अलीकडं किलोमीटरभर आधी वास सुरू झाला. कुजलेल्या उसाचा, मेलेल्या जनावरांचा, आणि त्या दोन्हींवर चढलेला एक आंबूस, घशात बसणारा वास. तो शाळूचा. पोत्यांत भिजलेल्या धान्याला मोड आले होते आणि मोडांसकट ते सडलं होतं. मामीनं वर्षाची बेगमी केली होती, ती दारात ओतून पडलेली. मागची खोली पांढऱ्या मातीची, ती बसली होती. फ्रीज स्वयंपाकघरात ठेवलेला, तो न्हाणीच्या दारात उताणा सापडला. दिवाणाचं लाकूड फुगून खण जाम झाले होते, त्यातल्या साड्या कुऱ्हाडीनं फळी फोडून काढल्या.

आणि तुळईला अडकून बसलेली प्लॅस्टिकची एक बरणी. घट्ट झाकणाची, म्हणून ती तरंगत वर गेली आणि पाणी उतरलं तरी तिथंच राहिली. आत कांदा-लसूण चटणी, उन्हाळ्यात कुटलेली, कोरडी ठाक. त्या दिवशी मामी पहिल्यांदा हसली. मदतीच्या किटमध्ये तिखटाच्या पुड्या येत होत्या, पण तिखट आणि चटणी यांतला फरक ज्यांना कळत नाही त्यांच्याशी आम्ही काय बोलावं. तिनं गल्लीत वाटीवाटीनं चटणी वाटली. सात-आठ घरांच्या भाकरीला चव आली.

तोवर मदत सुरू झाली होती. पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली जाऊन जवळजवळ आठवडाभर बंद होता. तो खुला झाला तशी ट्रकची रांग लागली. राज्यभरातून माणसं आली, पदरमोड करून आली. मराठवाड्यात तेव्हा दुष्काळ होता, औरंगाबादेकडं विमानानं ढगांवर फवारणी करून पाऊस पाडायचे प्रयोग चालले होते, आणि तिकडच्या एका गावानं ज्वारीचं पीठ दळून, पोती शिवून आमच्या आजोळी पाठवलं. भाकरीचं पीठ! पाठवणाऱ्याला आमची चूल ठाऊक होती. त्या पिठाचं मोल मी कधी विसरणार नाही.

पण सगळंच असं नव्हतं. महामार्गाला लागून असलेल्या गावांत पाण्याच्या बाटल्यांचे डोंगर झाले, आतल्या वाड्यांना मेणबत्ती मिळाली नाही. एकेका घरात बिस्किटांचे पुडे भिंतीला लावून ठेवले होते आणि अंग पुसायला पंचा नव्हता. धान्याच्या पिशव्यांवर पुढाऱ्यांचे फोटो चिकटवल्यावरून गदारोळ झाला तो सगळ्यांनी पाहिला. मला त्याहून जास्त लागले ते कपडे. ग्रामपंचायतीसमोर जुन्या कपड्यांचा ढीग पडला होता. त्यात फाटक्या जीन्स होत्या, लग्नातले चमचमते घागरे होते, एका पायाचे बूट होते. बायका तो ढीग उपसत होत्या. मामीनं बराच वेळ शोधलं आणि माझ्याकडं बघून हळूच म्हणाली, "साड्या लई हाईत गं. परकर एक बी न्हाई ह्यात." परकर नाही, आतले कपडे नाहीत, पाळीचं काही नाही. देणाऱ्यांनी कपाट मोकळं केलं होतं, घेणारीच्या अंगावर काय आहे याचा विचार केला नव्हता. आठवड्यानं तो ढीग पावसानं भिजला आणि गावाला त्याची विल्हेवाट लावायचं आणखी एक काम झालं.

कामाचे आले ते हत्यारं घेऊन आलेले. पंप घेऊन विहिरी उपसणारे. जनावरांचे डॉक्टर. इस्लामपूरकडून वायरमन पोरांची एक टोळी आली होती. घरोघर जाऊन मीटरच्या पेट्या उघडायच्या, वाळवायच्या, तारा बदलायच्या आणि पुढच्या घरी. चहाशिवाय काही घेतलं नाही, फोटो काढला नाही. असल्या माणसांना मदतीच्या याद्यांत जागा नसते, कारण त्यांनी काय वाटलं हे मोजता येत नाही.

मग पंचनामे सुरू झाले. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक हातात फॉर्म घेऊन फिरू लागले. त्यांच्यावर राग काढणं सोपं आहे, पण त्यांतल्या एकाचं स्वतःचं घर चार दिवस पाण्यात होतं आणि तो दुसऱ्याच्या घराची मापं टिपत होता. अडचण माणसात नव्हती, रकान्यांत होती. सरकारनं ग्रामीण भागात कुटुंबामागं १० हजार आणि शहरात १५ हजार रुपये सानुग्रह अनुदान ठरवलं होतं. त्यांतले ५ हजार रोख, बाकीचे बँकेत. शिवाय १० किलो गहू, १० किलो तांदूळ. पडलेल्या घराला ९५,१०० रुपये. एका हेक्टरपर्यंतच्या बुडालेल्या पिकाचं कर्ज माफ. कागदावर हे काही वाईट नव्हतं.

पण कुटुंब म्हणजे काय? मामाच्या शेजारी दोघे भाऊ एकाच घरात, चुली दोन, रेशनकार्ड एक. तर अनुदान एक. त्यावरून त्या दोन जावांत जे वाजलं ते पुढच्या गौरी-गणपतीपर्यंत मिटलं नाही. घर आजोबांच्या नावावर, आजोबा जाऊन वीस वर्षं झालेली, वारस नोंद कुणी केली नव्हती, तर पडलेल्या खोलीचे पैसे कुणाच्या नावानं? भाडेकरूचं सामान गेलं, पण उताऱ्यावर नाव मालकाचं. आणि ज्यांच्या नावावर काहीच नाही, ती भांगलणीला, म्हणजे दुसऱ्याच्या रानात तण काढायला जाणारी बायामाणसं? त्यांचं घर उंचावर होतं म्हणून बुडालं नाही. त्यामुळं त्या पूरग्रस्त नव्हत्या. पण शिवारात भांगलायला पीकच उरलं नव्हतं. ऑगस्टपासून त्यांचा रोज बंद झाला आणि पंचनाम्यात बंद पडलेल्या रोजासाठी ओळच नव्हती. मला विचाराल तर त्या पुरात सगळ्यांत जास्त बुडाल्या त्या ह्या बायका, पायाला पाणी न लागता.

उसाचंही असंच. लांबून हिरवा दिसायचा. मामा बांधावर उभा राहून म्हणायचा, "पोंग्यात माती गेलीया, आता हिरवा दिसंल, पण आतनं गेला." शेंडा पाण्याखाली बरेच दिवस राहिला की वाढ मरते, कांड्यांच्या डोळ्यांतून पांगशा फुटतात, वजन जातं. ते नुकसान पंचनाम्याच्या दिवशी पुरतं दिसत नाही. गळिताच्या हंगामात काट्यावर दिसतं.

२ सप्टेंबरला गणपती बसले. गावानं एकच सार्वजनिक गणपती ठेवला, देखावा नाही, डॉल्बी नाही. तोवर ट्रक थांबले होते. २१ सप्टेंबरला विधानसभेची आचारसंहिता लागली आणि कुठल्याही कचेरीत विचारायला गेलं की उत्तर मिळू लागलं, आता निवडणुकीनंतर बघू. ऑक्टोबरात परतीचा पाऊस असा लागला की भिजलेल्या भिंती वाळल्याच नाहीत. २१ ऑक्टोबरला मतदान झालं, २७ला लक्ष्मीपूजन. तिसरा महिना हा असा होता.

त्या दिवाळीत मामीच्या घरात नेमकं काय कमी होतं, हे मी बसून बघितलं. अन्न होतं. कपडे होते. भांडी एका संस्थेनं नवी दिली होती, छान होती. नव्हता तो हातात पैसा. आमच्याकडं दुधाचं बिल दहा दिवसांनी निघतं. बाईच्या हातात येणारा तो एकमेव हक्काचा पैसा. किराणा, पोरांच्या वह्या, दवाखाना, बचत गटाचा हप्ता, सगळं त्या दहा दिवसांच्या चक्रावर फिरतं. मामीच्या दोन म्हशी जगल्या, पण पुरानं, प्रवासानं, उपासमारीनं आटल्या. दूध चरवीभर नाही, वाटीभर निघायचं. वैरण कुजलेली, नवी उगवायला वेळ. म्हणून पेंड विकत. पेंड दूध संस्थेतून उधार मिळते आणि बिलातून कापली जाते. दूध कमी, कापणी जास्त. दर दहा दिवसांनी संस्थेची चिठ्ठी यायची आणि तिच्यावर येणं नसायचं, देणं असायचं.

त्यातच मायक्रोफायनान्सचे वसुलीवाले. दर आठवड्याला ठरल्या वारी गल्लीत मोटरसायकल. गटातल्या एकीनं हप्ता चुकवला की बाकीच्यांनी भरायचा, म्हणून बायकाच एकमेकींच्या दारात जाऊन बसायच्या. इचलकरंजीपासून शिरोळपर्यंत बायकांनी त्यावरून मोर्चे काढले. जिनं पुरानंतर चटणीची वाटी घेतली होती, तीच हप्त्यासाठी दारात उभी, हे मामीला फार जड गेलं. मामाचं बोलणं कमी झालं होतं. तो सकाळी उठून बांधावर जायचा आणि काही न करता परत यायचा.

मामेभावाचा पुण्यातला एक मित्र दिवाळीत घरी आला होता. ऑगस्टमध्ये त्याला रजा मिळाली नव्हती, म्हणून तो जरा ओशाळलेला होता. कंपनीतल्या लोकांकडून काही रक्कम जमवून आणली होती आणि आता कुणाला काय घेऊन द्यावं, असं विचारत होता. ब्लँकेट? शाळेची दप्तरं? मामी चुलीपाशी होती. ती वळून म्हणाली, "दप्तरं चार-चार झाल्याती पोरांस्नी. संस्थेत जाऊन पेंडीची उधारी बघा किती हाय ती."

तो गेला. सचिवांनी वही उघडली. कुणाकुणाची किती उधारी ते त्या वहीत स्वच्छ लिहिलेलं होतं. ज्यांच्या म्हशी आटल्या होत्या, जनावरं दगावली होती, अशा घरांची नावं सचिवांना तोंडपाठ होती, त्यासाठी कुठला सर्व्हे लागला नाही. त्यानं ती उधारी भरून टाकली आणि उरलेल्या पैशांत पुढच्या काही आठवड्यांची पेंड आगाऊ लावली. कुणाला रांगेत उभं राहावं लागलं नाही, कुणी हात पसरला नाही. पुढच्या बिलाला बायकांच्या हातात कोरे पैसे आले, एवढंच. बऱ्याच जणींना हे कुणी केलं ते आजही माहीत नाही.

मी बघितलेली ही सगळ्यांत चांगली मदत. तिच्यात दोन गोष्टी होत्या. ती उशिरा आली, त्यामुळं काय लागतं हे तोवर कळून चुकलं होतं. आणि ती घर आधी ज्या वाटेनं चालत होतं त्याच वाटेवर ठेवली गेली, वेगळी वाट काढायला लागली नाही. पहिल्या आठवड्यातलं खिचडीचं पातेलं लागतंच, ते कुणी थांबवा असं मी म्हणत नाही. पण पाणी चढत असताना जेवढे पैसे जमतात त्यांतले निम्मे कुणीतरी बाजूला बांधून ठेवावेत, आणि दिवाळीच्या सुमाराला परत जावं. हे सांगितलं की लोक बिचकतात. देणाऱ्यालाही घाई असते. टीव्हीवर दिसतंय तोवर द्यावं, मन मोकळं होतं. नंतर वर्गणी गोळा करायला गेलं तर लोक विचारतात, अजून? ते तर कधीच ओसरलं ना?

मग सगळा वाद कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाकडं वळतो, त्याच्यामुळं इकडं कृष्णेचं पाणी तुंबतं का, याकडं. तो वाद आमच्याकडं बारमाही आहे. पुरानंतर नेमलेल्या नंदकुमार वडनेरे समितीनं २०२०च्या अहवालात मुख्य दोष अलमट्टीला दिला नाही. अतिवृष्टी, नदीपात्रातली आणि पूररेषेतली बांधकामं यांच्याकडं बोट दाखवलं. ते इथल्या अनेकांना पटलेलं नाही आणि आता अलमट्टीची उंची वाढवायचा विषय निघाला की जुनी जखम उघडी होते. मी त्यातली जाणकार नाही. पण पूररेषेतल्या गावांनी उठून जावं, असं जे सहज सांगतात त्यांनी कोल्हापूरजवळच्या प्रयाग चिखलीला एकदा जाऊन यावं. १९८९च्या पुरानंतर चिखली-आंबेवाडीच्या लोकांना सोनतळीला प्लॉट दिले. कितीतरी कुटुंबं पुरापुरती तिथं जातात आणि पाणी उतरलं की गावी परततात. शेत नदीला, गोठा शेताला आणि माणूस गोठ्याला बांधलेला. नुसता प्लॉट देऊन ती दावण सुटत नाही.

२०२१च्या जुलैत पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर ५६ फुटांच्या आसपास गेलं, म्हणजे २०१९ पेक्षाही वर. वर करोना. पण त्या वेळी गावं शहाणी झाली होती. आधी म्हशी निघाल्या, मग माणसं. मामानं माळ्यावर काही ठेवलंच नाही, पेटीसकट सगळं ट्रॉलीत. त्याच पावसात चिपळूण बुडालं. तिथं वाशिष्ठीनं बाजारपेठ एका दिवसात धुऊन नेली आणि सणासाठी भरलेला माल गेला. तिथल्या दुकानदाराला पेंडीची उधारी भरून काय उपयोग? त्याला घाऊक व्यापाऱ्यानं जुनं येणं थांबवून नवा माल उधारीवर देणं ही खरी मदत. तिसऱ्या महिन्याचं उत्तर गावोगाव निराळं निघतं, हे मला तिथं पहिल्यांदा दिसलं.

आणि २०२५च्या नवरात्रात सोलापूर-धाराशिवकडची सीना नदी. करमाळा, माढा, परंडा, मोहोळ. ज्या भागातून आम्हाला भाकरीचं पीठ आलं होतं त्याच बाजूला पाणी. आमच्या कॉलनीनं पैसे जमवले. मी निम्मे मागं ठेवा म्हणून हट्ट धरला, त्यावर अर्थात बोलणी खाल्ली. एका निवृत्त काकांनी, "मॅडमना लोक उपाशी दिसत नाहीत वाटतं," असंही ऐकवलं. शेवटी निम्मे गेले, निम्मे राहिले. ओळखीतल्या एका शिक्षकांचं गाव माढा तालुक्यात सीनेकाठी. मी मोठ्या विश्वासानं त्यांना पेंडीची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "ताई, उधारी कुणाची भरणार? गोठेच वाहून गेलेत." सरकारनं ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं होतं, खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी ४७ हजार रोख आणि रोजगार हमीतून ३ लाख. पण वरची माती गेली तिथं आधी माती टाकायची, आणि ती टाकायला यंत्र आणायचं तर शेतात अजून पाय रुतत होता. "आत्ता विचारू नका," ते म्हणाले. "मार्गशीर्षात फोन करा."

मार्गशीर्षात केला. मामीला बाजूला बसवून, स्पीकरवर ठेवून. त्यांनी सांगितलं, विहिरी गाळानं काठोकाठ भरल्यात. जमीन दुरुस्त होईल तेव्हा होईल, पण ज्यांची थोडी तरी माती राहिली आहे त्यांना पाणी मिळालं तर ते चाऱ्याला कडवळ, मका करतील, चार महिन्यांत गोठा परत उभा राहील. मामीनं मधेच विहिरीतला गाळ वर ओढणाऱ्या यंत्राचं विचारलं, "यारी किती रुपये घेते तिकडं, रोजाला?"

आमच्या मागं ठेवलेल्या पैशांतून आता यारी लागली आहे. तिघा-चौघा शेतकऱ्यांत मिळून एक विहीर, अशी त्यांनीच यादी केली. ज्या विहिरीवर जास्त घरं ती आधी. डिझेल आमचं, मजुरी त्यांची. यारीवाला पैसे आगाऊ मागतो आणि पावती देत नाही. यावर कॉलनीतल्या त्याच काकांनी, जे आयुष्यभर बँकेत होते, दोन संध्याकाळी वाद घातला. शेवटी कोऱ्या कागदावर रेव्हेन्यू तिकीट लावून सही घ्यायची असं ठरलं आणि तिकिटं काकांनीच आणून दिली. पहिल्या विहिरीतला गाळ संपत आला आहे. दुसरीचं कडं ढासळलंय, तिथं आधी बांधकाम करावं लागेल असं शिक्षक म्हणतात, म्हणून परत वर्गणी काढायची आहे. या वेळी घरोघर फिरायला मामीही येते म्हणालीय.